छत्तीस भोकांचं टेबल

जेवणाच्या टेबलाला छत्तीस भोकं पाडली तर चालतील का, असं नवरीनं विचारलं तेव्हा नवऱ्याच्या आई "पाडा की" म्हणाल्या, कारण मुलगी गंमत करते आहे असा त्यांचा समज झाला. ती गंमत करत नसते हे त्यांना अजून कळायचं होतं. दुपारी त्या बाजारातून परतल्या तेव्हा त्यांचा मुलगा टेबलावर वाकून एकतिसावं भोक पाडत होता आणि होणारी सून पाडून झालेल्या भोकांच्या कडांना मेणबत्ती घासत होती.

"हे काय चाललंय?"

"घर्षण कमी करतेय, आई."

"आणि जेवायचं कुठं?"

"लग्न होईपर्यंत ओट्यापाशी," मुलगा म्हणाला. "उभ्यानं. माणूस कमी खातो."

आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. लग्नाला अजून दोन महिने होते.

नवरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज बावीस ठिकाणचं पाणी बाटल्यांतून तिच्याकडे यायचं आणि त्यात काय आहे, किती आहे, हे ती दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत लिहून द्यायची. एकदा एका बाटलीचं बूच सैल निघालं म्हणून तिनं अख्ख्या आठवड्याची मोजणी रद्द केली होती. नवरा बसच्या वेळापत्रक विभागात होता. रिकामी बस जाताना दिसली की त्याचा चेहरा घरून वाईट बातमी आल्यासारखा व्हायचा. दोघांची ओळख एका तक्रारीतून झाली होती. चौदा नंबरची बस चाळीस दिवसांत सरासरी साडेतीन मिनिटं उशिरा आली, असं तिनं लेखी कळवलं होतं. त्यानं उत्तर दिलं की त्याच्या हिशेबानं उशीर चार मिनिटांचा आहे, तिचं घड्याळ अर्धा मिनिट मागे असावं. तिनं तपासलं. घड्याळ मागे होतं.

अशा दोघांनी लग्न करायचं ठरवल्यावर त्या लग्नात काही वाया जाऊ द्यायचं नाही हेही आपोआप ठरलं. कपडे कपाटात असतील ते. आमंत्रणं फोनवरून. ताटं प्रत्येकानं आपापल्या घरून आणायची आणि आपापल्या घरी नेऊन धुवायची. फुलं कुंडीतली, आणि लग्नानंतरही ती कुंडीतच राहणार. हे सगळं नवरीनं एका वहीत मांडलं आणि मग तिच्या लक्षात आलं की या सगळ्या काटकसरीला काही अर्थ नाही. एकशे बारा पाहुणे जाणार-येणार, त्यात जे इंधन जळणार, त्यापुढे ताटं आणि फुलं कुठल्या कुठे राहत होती.

"मग कोणाला बोलवायचंच नाही?" नवऱ्यानं विचारलं होतं.

"बोलवायचं. फक्त जागा अशी निवडायची की सगळ्यांचं मिळून अंतर कमीत कमी होईल."

टेबल त्यासाठी होतं. नवऱ्याच्या कचेरीतून रद्दीत निघालेला एक मोठा नकाशा त्यावर चिकटवला होता. ज्या घरातून पाहुणे येणार त्या घरावर एक भोक. प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला, त्या घरातून जितकी माणसं येणार तितके, नट-बोल्टमधले लोखंडी नट अडकवलेले. सगळ्या दोऱ्यांची वरची टोकं एकाच गाठीत बांधलेली. गाठ मोकळी सोडली की सगळी घरं तिला आपापल्या बाजूला ओढणार, आणि ओढाओढ संपून ती जिथे थांबेल ती लग्नाची जागा.

संध्याकाळी सगळ्यांसमोर गाठ सोडली. ती थरथरली, थोडी उत्तरेला गेली, विचार बदलल्यासारखी परत आली आणि थांबली.

"म्हणजे माझ्या मुलाचं लग्न कुठं व्हायचं ते ही गाठ ठरवणार," बाबा म्हणाले.

"गाठ ठरवत नाही बाबा, पाहुणे ठरवतात. गाठ फक्त सांगते."

"मी चौतीस वर्षं टपालात पत्रं लावली. पत्ता माणसानं लिहायचा असतो. दोरीनं लिहिलेला पत्ता मी पहिल्यांदा बघतोय."

असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि गाठीखालचा पत्ता वाचला. नकाशावर नाव नसलं तरी त्यांना तो वाचता यायचा. "बालवाडी," ते म्हणाले. "पिवळ्या फाटकाची."

नवरीनं तीच यादी संगणकात घालून पडताळा घेतला. संगणकाची जागा आणि गाठीची जागा यांत पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक होता. तिनं वहीत लिहिलं की उपकरण विश्वासार्ह आहे. पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

पाहुण्यांचे पत्ते बाबांनीच जमवले होते. ते काम त्यांच्याइतकं चोख कोणी केलं नसतं. फक्त एक पत्ता त्यांनी दिला नव्हता आणि कोणी मागितला नव्हता. तो त्यांच्या धाकट्या भावाचा होता. काका सुतार होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी या घरासाठी एक कपाट करून दिलं, आणि बाबा चार लोकांसमोर म्हणाले की दार नीट लागत नाही. काका म्हणाले, दार बरोबर आहे, भिंत वाकडी आहे. भिंत बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

नवऱ्याला सायकल काकांनी शिकवली होती, रंधा मारायला काकांनी शिकवलं होतं, आणि दहावीत गणितात नापास झाल्यावर तो आधी काकांच्या शेडमध्ये जाऊन बसला होता. लग्नाची यादी करायला घेतली तेव्हा त्यानं सर्वांत वर 'काका' लिहिलं. मग बाबांकडे गेला आणि परत येऊन ते खोडलं.

"काय म्हणाले?" नवरीनं विचारलं.

"म्हणाले, अवश्य बोलाव. मी घरी बसून टपालानं आशीर्वाद पाठवतो."

"आणि आई?"

"आई म्हणाली, मी दोघांच्या मध्ये पडत नाही."

 खोडलेल्या शब्दावर त्यानं एकच रेघ मारली होती, आणि तीसुद्धा फार हलकी, हे नवरीनं पाहिलं. काका यावेत एवढीच त्याची लग्नाकडून अपेक्षा होती. बाकी सगळं त्यानं तिच्यावर सोपवलं होतं.

पहिल्या आठवड्यात बालवाडीचं सभागृह बघून झालं. तिथल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या, पण नवरी म्हणाली की मोठी माणसं त्यावर बसली तर लवकर उठतील. मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले.

नवरीचे मामा म्हणाले, "मी सायकलनं येणार. माझा नट काढून टाक."

"मामा, बत्तीस किलोमीटर आहेत."

"म्हणूनच आत्तापासून सांगतोय. सराव चालू करतो."

नवऱ्याच्या मावशीचं म्हणणं वेगळं होतं. "तुमच्या त्या टेबलावर माझा एकच नट आहे म्हणे. माझे गुडघे बघता मला दोन पाहिजेत."

"मावशी, नट माणसामागे एक असतो, गुडघ्यामागे नाही," नवरा म्हणाला.

"मग माझ्या बाजूला सरकव ना थोडं. कोण बघतंय."

नवरी बघत होती. एका घरातून दोन माणसं कमी झाली की ती दोन नट काढायची, दुसरीकडे तीन वाढली की तीन अडकवायची, आणि वहीत तारीख घालून लिहायची. गाठ रोज थोडी हलायची. घरातली माणसं येता-जाता टेबलाकडे बघायची आणि एकमेकांना "आज कुठं?" असं विचारायची. दूधवालासुद्धा एकदा आत येऊन बघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात गाठ बालवाडी सोडून पूर्वेला सरकली आणि अग्निशमन केंद्रावर येऊन थांबली. नवरा-नवरी तिथल्या अधिकाऱ्याला भेटायला गेले. त्यानं दोघांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"जागा देऊ," तो म्हणाला. "अंगण मोठं आहे. पण घंटा वाजली की नव्वद सेकंदांत रिकामं करावं लागेल."

"एकशे बारा माणसं?"

"आणि जेवण. चाकाखाली पातेलं आलं तर चौकशी होते."

नवरीनं घड्याळ लावून घरातल्या तिघांसह खुर्च्या उचलून पळायचा प्रयोग केला. चारच माणसांना चाळीस सेकंद लागले. बाबांची कंबर थोडी लचकली. बालवाडी रद्द केलेली होती, आता अग्निशमन केंद्रही रद्द केलं. तोवर गाठ आणखी पूर्वेला जाऊन कालव्याच्या मधोमध उभी होती.

"होडीत करायचं का?" आईंनी विचारलं. हल्ली त्या ओट्यापाशी उभ्यानं जेवून जेवून थोड्या तिरकस बोलायला लागल्या होत्या.

"थांबेल आई. पाहुण्यांची यादी स्थिर झाली की गाठ स्थिर होते."

यादी जवळजवळ स्थिर होती हे तिला वहीवरून दिसत होतं. गाठ तरीही का सरकते, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण उपकरण विश्वासार्ह आहे असं तिनंच लिहून ठेवलं होतं, आणि स्वतः लिहिलेल्या ओळीवर तिचा फार विश्वास होता.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गाठ कालवा ओलांडून पलीकडे गेली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. नवरीनं टेबलाला हलकासा धक्का देऊन पाहिला, गाठ हलली आणि त्याच जागी परत आली.

"बाबा, हा पत्ता कोणता?"

बाबांनी चष्मा लावला. वाकले. पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले.

"अठरा नंबर," ते शेवटी म्हणाले. "लाकडाची शेड."

नवऱ्यानं बाबांकडे पाहिलं, आईंनी ओट्याकडे पाहिलं. ती काकांची शेड होती हे सांगायची गरज नव्हती.

"दुसरी जागा बघू," नवरी म्हणाली. "शेजारपाजारी काहीतरी असेल. दोन-चारशे मीटरनी फार फरक पडणार नाही."

"का?" बाबा म्हणाले. "तुमचं शास्त्र आहे ना? मग शास्त्रापुढं माझं काय चालणार. गाठ म्हणते तिथं करा."

"तुम्ही याल?"

"मला कोण विचारतंय. एकशे बारांतला एक मी."

"मी मध्ये पडत नाही," आई म्हणाल्या. "पण शेडला छप्पर आहे, हे मी आपलं सांगून ठेवते."

 नवरा आत जाऊन बूट घालून आला.

एकोणीस किलोमीटर बसनं जाऊन दोघे शेडमध्ये पोचले तेव्हा काका एका फळीच्या कडेवर डोळा लावून ती सरळ आहे का ते बघत होते. उंच, वाळलेला माणूस, कानावर पेन्सिल. पुतण्याला बघून त्यांनी फळी खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"आमंत्रण द्यायला आलात?"

"नाही," नवरी म्हणाली, कारण खरं तेच होतं. "जागा मागायला आलोय."

तिनं टेबल, दोऱ्या, नट, गाठ असं सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे लग्न माझ्या शेडमध्ये, आणि मी यादीत नाही."

"तुम्ही यादीत असता तरी गाठ इथेच पडली असती. तुमचं अंतर शून्य आहे. तुमच्यासाठी भोकसुद्धा पाडायला लागत नाही. सगळ्या पाहुण्यांत तुम्ही एकटेच असे आहात की तुम्ही आलात तरी काहीच वाढत नाही."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली.

"असं बोलावणं मला आजपर्यंत कोणी केलं नव्हतं," ते म्हणाले. मग पुतण्याकडे वळले. "तो येणार आहे?"

"बाबा? हो."

"स्वतःहून?"

"गाठीमुळे."

"हं." काकांनी शेडभर नजर फिरवली, जणू भिंती मोजत होते. "शेड घ्या. मी राहतोच इथं, त्यामुळं असणारच. पण बोलणार नाही त्याच्याशी. तोही नाही बोलणार, मला माहितेय. ते तुमच्या गाठीला कळव."

परतताना बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत होता. नवरीनं त्याला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, बस वेळेवर आहे.

लग्नाला चार दिवस उरले असताना नवरीनं शेवटची मोजणी करायला घेतली. तिला वहीत एकूण अंतर लिहायचं होतं आणि त्यासाठी तिनं अंतिम यादी संगणकात घातली. संगणकानं बालवाडी सांगितली. तिनं यादी पुन्हा घातली. संगणकानं पुन्हा बालवाडी सांगितली. मग ती हातात विजेरी घेऊन टेबलाखाली शिरली आणि नट मोजले. वाढ-घट होऊन यादीत पाहुणे पुन्हा एकशे बाराच झाले होते. टेबलाखाली नट एकशे एकवीस होते.

पहिल्यांदा तिनं स्वतःवर संशय घेतला. पण तिचे सगळे नट एकाच पेटीतले, एकसारखे होते, आणि पूर्वेकडच्या दोऱ्यांवर नऊ नट निराळे होते. चार गंजके. तीन लहान, पितळेचे. दोन सायकलच्या चाकाचे. तिनं तिन्ही प्रकार तीन चिमट्यांनी वेगळे केले, प्रयोगशाळेत करायची तसे, आणि बाहेर आली.

बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, चार नटांना गंज आहे."

"लोखंडाला यायचाच."

"माझ्या नटांना नाही."

वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही, हललंही नाही.

"चारच लावले," बाबा कागदामागून म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात की ते आले तर तुम्ही..."

"म्हणालो होतो. मग आता काय, अकरा वर्षांनी फोन उचलून बोलू? काय बोलू? कसा आहेस? एवढ्या वर्षांनी माणूस कसा आहे हे विचारायला तोंड लागतं." त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "हे बरं होतं. कोणी काही बोलायला नको. तू हे मुलाला सांगू नकोस. त्याच्या आईला तर मुळीच नको. ती मला जन्मभर ऐकवेल."

"चार नटांनी गाठ एवढी सरकत नाही, बाबा."

"सरकली खरी. मलाही नवल वाटलं."

नवरी स्वयंपाकघरात गेली. आई डाळ निवडत होत्या. तिनं पितळेचा एक नट ओट्यावर ठेवला.

"शिलाई मशीनचा आहे," आईंनी न विचारताच सांगितलं. "तीन लावलेत. पण लहान आहेत गं. तिन्ही मिळून एक धर."

"मी वजन केलं. तिन्ही मिळून एक पूर्णांक चार दशांश होतात."

"बघ. म्हणजे काहीच नाही."

"तुम्ही मध्ये पडत नाही म्हणाला होतात."

"पडले कुठं? टेबलाखाली वाकले फक्त." आईंनी एक खडा शोधून बाजूला टाकला. "ह्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय की शास्त्रापुढं हरलो. वाटू दे. अकरा वर्षांत पहिल्यांदा हरायला तयार झालेत."

नवऱ्याला ती त्याच्या कचेरीत जाऊन भेटली. सायकलचे दोन नट तिनं त्याच्या वेळापत्रकावर ठेवले. 

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून."

"तू मापनात ढवळाढवळ केलीस."

"केली." त्यानं मान वर केली नाही. "लग्न मोडतेस?"

नवरीनं याचा विचार केला. तिनं सैल बुचासाठी आठवडा टाकून दिला होता आणि इथे तर नऊ बुचं सैल होती. जागा परत बालवाडीला नेली तर पाहुण्यांचं जाऊन-येऊन एकशे त्रेचाळीस किलोमीटर अंतर वाचत होतं. आणि शेडमध्ये काकांनी बाकांसाठी चाळीस फळ्या तासून ठेवल्या होत्या, आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्याकडे लग्न आहे. असा रकाना तिच्या वहीत नव्हता.

"जागा बदलत नाही," ती म्हणाली. "पण एकशे त्रेचाळीसची नोंद होणार. आणि कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"कोण विचारणार आहे," नवरा म्हणाला. "बाबांना मात्र सांगू नकोस."

लग्न शेडमध्ये सकाळी अकराला लागलं. नोंदणी करणाऱ्या बाई त्यांच्या कचेरीतून चालत आल्या होत्या, कारण कचेरी शेडच्या जवळच होती. मामा सायकलनं निघाले होते आणि दर तासाला फोन करून आपण कुठे आहोत ते कळवत होते. नवीन फळ्यांच्या बाकांवर पाहुणे आपापली ताटं मांडीवर घेऊन बसले होते. भोकांचं टेबलही आलं होतं, पहिल्या बसनं, दोन तिकिटं काढून, कारण सगळ्यांना ते बघायचं होतं. तपासायला काढलेले नट नवरीनं होते तिथेच परत लावले होते. ते शेडच्या मधोमध उभं होतं आणि लोक रांगेनं येऊन आपलं घर आणि आपली दोरी शोधत होते. मावशीनं आपला एकच नट स्वतः मोजून खात्री करून घेतली.

दोघा भावांमध्ये बरोबर नऊ बाकांचं अंतर होतं. ते बोलत नव्हते.

"तुझ्या बाबांना सांग, खांबाला टेकू नका, रंग ओला आहे," काका पुतण्याला म्हणाले.

"तुझ्या काकांना सांग, दिसतंय मला," बाबा म्हणाले.

"त्यांना सांग, मागच्या वेळीही दिसत होतं, तरी टेकले होते."

नवरा सही करायच्या वेळेपर्यंत असा सहा वेळा नऊ बाकं इकडून तिकडे गेला. सह्या झाल्या. टाळ्या वाजल्या. नवऱ्यानं काकांकडे पाहिलं, काकांनी नुसती मान हलवली, आणि नवऱ्याचा चेहरा बस वेळेवर असल्यासारखा झाला.

जेवण वाढलं जात असताना काका टेबलापाशी आले. वरून त्यांना फारसं काही बघायचं नव्हतं. सुतार कुठलंही टेबल खालून बघतो. ते गुडघ्यावर बसले, वाकले, आणि थोड्या वेळानं त्यांनी नवरीला बोटानं जवळ बोलावलं.

"हे नट सारखे नाहीत."

"नाहीत," ती म्हणाली.

"पितळेचे आहेत. सायकलचे आहेत. हे गंजके आहेत."

"हो."

"तुझी गाठ खरंच इथं पडली होती का, मुली?"

नवरी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तिची साधी, चार वर्षं जुनी पांढरी ओढणी भुशात पडली.

"नाही. बालवाडीवर पडली होती. नऊ नट जास्त आहेत."

"कोणी लावले?"

"घरातल्या सगळ्यांनी. एकमेकांना न सांगता. मी सोडून."

काकांनी पुन्हा टेबलाखाली मान घातली. आजूबाजूला लोकांचे पाय होते आणि वरून ताटांचे आवाज येत होते.

"सायकलचे पोरानं," ते म्हणाले. "पितळेचे वहिनीनं. गंजके त्यानं?"

"हो."

"किती आहेत?"

"चार."

काकांनी बोटानं मोजले. मग पुन्हा मोजले.

"चारच?" ते म्हणाले.

ते उठले, गुडघे झटकले आणि नऊ बाकं ओलांडून सरळ बाबांसमोर जाऊन उभे राहिले. बाबांच्या हातात ताट होतं. आजूबाजूचे दहा-बारा जण खायचे थांबले.

"अकरा वर्षांनी चार नट," काका म्हणाले.

बाबांनी नवरीकडे पाहिलं, नवरीनं नजर चुकवली नाही. मग त्यांनी आईंकडे पाहिलं. आई वाढण्यात फार गुंतलेल्या होत्या.

"चारात काम झालं," बाबा म्हणाले.

"काम झालं. मी काय काम आहे?"

"अरे, बारा आणले होते मी. रोज एकेक लावायचो. चौथ्यालाच गाठ तुझ्या दारात. पाचवा लावून बघितला तर मागच्या नाल्यात जायला लागली. तुला नाल्यात लग्न पाहिजे होतं?"

"बारा आणले होतेस."

"बारा."

"मग आठ कुठायत?"

"घरी. डब्यात."

"दाखव."

"आत्ता? पोराचं लग्न आहे."

"लागलं ते लग्न. सह्या झाल्या. डबा दाखव."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझा माझ्या दारावर होता का?"

"चल," बाबा म्हणाले आणि ताट शेजाऱ्याच्या हातात दिलं. "चल, दाखवतो. भिंतही बघून घे एकदा."

शेडच्या मागे काकांचा जुना टेम्पो उभा होता. तो सुरू झाला तेव्हा आधी धूर आला आणि मग आवाज. धूर कुंडीतल्या फुलांवरून, नवीन बाकांवरून आणि नोंदणीच्या बाईंवरून हळूहळू पसरत गेला. नवरी दारात येऊन उभी राहिली. टेम्पो गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत दोघांचं भांडण इंजिनाच्या वरच्या पट्टीत ऐकू येत होतं. दोघेही एकाच वेळी बोलत होते.

तिनं वही काढली. जाऊन-येऊन अडतीस किलोमीटर, तेही डिझेल, तेही त्या टेम्पोनं. दिवसभरातलं सगळ्यांत वाईट वाहन होतं ते. तिनं अडतीस लिहिलं.

"कुठं गेले?" आई हात पुसत आल्या.

"नट मोजायला."

"बोलतायत?"

"भांडतायत."

"बरं झालं बाई," आई म्हणाल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, निदान दोन महिन्यांत तरी पहिल्यांदा, खाली बसून जेवल्या.

एक तास झाला. मामा सायकलनं येऊन पोचले, त्यांना पाणी देण्यात आलं. दोन तास झाले. पाहुणे ताटं गुंडाळून बसच्या वेळा विचारू लागले, आणि त्या नवऱ्याला पाठ होत्या.

"अडतीस किलोमीटरला एवढा वेळ लागत नाही," नवरी म्हणाली.

"त्या टेम्पोला सव्वा तास," नवरा म्हणाला. "डबा शोधायला दहा मिनिटं. रस्ता चुकले असतील."

"हे?" आई म्हणाल्या. "चौतीस वर्षं टपालात होते. हे रस्ता चुकत नाहीत."

"मग लांबच्या रस्त्यानं गेले असतील."

नवरीनं गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मग खिशातलं खोडरबर काढून तिनं अडतीस खोडलं आणि तो रकाना मोकळा ठेवला.